हिरवी फीत

नाही, उठायचं नाही. बसा. — माहितीय मला मॅच संपलीय, मीच संपवलीय ना. पण नियम आहे. ज्या पालकाला पंचांनी कुंपणाबाहेर काढलं, त्याने मॅचनंतर पंचांसोबत या बाकावर बसायचं, पंच 'जा' म्हणेपर्यंत. पहिल्या मॅचच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवला होता. तुम्ही तेव्हा फोनवर होतात. — होतात, मी बघत होते; पंचाचं कामच ते, बघत राहणं. आणि असे डोळे वटारू नका. 'ही कालची पोरगी मला शिकवणार' — हेच चाललंय ना मनात? सगळ्यांच्या मनात हेच असतं. वय वाढलं की केस पांढरे होतात तशी अक्कलही आपोआप येते, असा तुम्हा मोठ्या माणसांचा गोड समज आहे. पाणी घ्या. घसा बसला असेल. 'आंधळी आहेस का गं' एवढ्या मोठ्यांदा म्हटल्यावर कोणाचाही बसेल.

मी रीतसर वागले हां तुमच्याशी. आधी टॉफी दिली होती की नाही? पहिल्यांदा ओरडलं की टॉफी, ती विरघळेपर्यंत तोंड बंद. दुसऱ्यांदा ओरडलं की कुंपणाबाहेर. हा नियम माझा. समितीतले सगळे काका हसले होते मला — 'मोठ्या माणसांना टॉफ्या वाटणार का तू?' म्हटलं, लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये मोठी माणसं लहान मुलांसारखी वागत असतील तर दुसरं काय वाटू, पेन्शन? आणि चाललं की! जाळी गदागदा हलवणाऱ्या आया आता गालात टॉफी धरून टाळ्या वाजवतात. तुम्ही मात्र ती कडाकडा चावून खाल्लीत. माझ्याकडे बघत बघत. आजवर कोणी चावून खाल्ली नव्हती, खरं सांगते, मला हसूच फुटलं — तोंडावर मास्क होता म्हणून इभ्रत वाचली.

तुम्ही ओरडता तेव्हा तुमची मुलगी काय करते, माहितीय? तुम्ही जाळीमागे असता, मी बरोब्बर तिच्या समोर. ती चेंडू ग्लोव्हमध्ये फिरवत बसते. बोटांनी शिवण शोधते. शिवण सापडलेली असते तिला, तरी शोधत राहते — कारण चेंडू टाकला की तुम्ही बोलणार. 'कोपर वर!' 'खांदा बघ, खांदा!' अहो, उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? तुम्ही स्वतः कधी तिच्यासारखं चेंडू टाकायला उभे राहिलायत का, पिचिंग केलंय का? — केलंय? कॉलेजच्या टीममध्ये? मग तर कमालच झाली. मग तर तुम्हाला कळायलाच हवं होतं.

ते बघा. तिकडे, निळी टोपी, घडीची खुर्ची. — हो, तेच, तुमच्या टीमच्या कॅचरचे आजोबा. प्लेटमागे बसून तुमच्या मुलीचे चेंडू झेलते ना, त्या ठमीचे. सगळ्या पालकांना मी सांगते, त्यांच्याकडे बघा आणि शिका. दोन्ही टीमला टाळ्या. कोणाचा झेल सुटला की मान दुसरीकडे, जणू काही पाहिलंच नाही. एखादं पोर पडलं तर खुर्चीतून उठत नाहीत, ते पोर आपलं आपण उठेपर्यंत थांबतात, मग टाळ्या. आणि मॅच संपली की ठमीला एकच प्रश्न — 'भूक लागली का?' बस. ना 'असं का केलंस', ना 'तसं का नाही केलंस'. भूक लागली का. म्हणून तर आज मुलं त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. बघितलंत ना? सीझनच्या शेवटी मुलं ज्या मोठ्या माणसामागे उभी राहतात त्याला पंचांनी हिरवी फीत लावायची. दोन्ही टीम, झाडून सगळी पोरं. तुमची मुलगीसुद्धा. — लागलं ना मनाला? मलाही लागलं. — म्हणजे, मला कशाला लागेल. फीत माझ्या खिशात आहे. लावायचीच आहे. पळून थोडीच चाललेत ते.

ओळखीचे वाटत नाहीत का तुम्हाला? नाक बघा. सगळे म्हणतात, नाक अगदी — असो. माझे बाबा आहेत ते. ठमी माझ्या दादाची मुलगी. — हो, मी तिची आत्या. पण मैदानात नाही, मैदानात मी पंच. 'आत्या' म्हटलं तर तिलाही टॉफी. — नात्यातल्या मुलीच्या मॅचला पंच कशी? वा, आता सुचला हा प्रश्न! दुसरा पंच आणायचा कुठून? होते एक काका, गेल्या महिन्यात सोडून गेले, कोणा एका आईने पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीला लाथ घातली म्हणून. बाईमाणसाची लाथ, पण पत्र्याला खळगा पडला. मुलं भरपूर आहेत, चेंडू भरपूर आहेत, शिव्या खायला माणसं मिळत नाहीत. म्हणून मी उभी राहते. दादा म्हणाला, 'बघ हं, घरच्या पोरीला झुकतं माप देशील.' झुकतं माप! मी! हसू नका, हसण्यासारखं काही नाही त्यात.

तुम्हाला काय वाटतं, हे आजोबा जन्मापासून असेच आहेत? मी कॅचर होते. हो, ठमीच्याच जागेवर, याच प्लेटमागे. तेव्हा हीच जाळी धरून एक माणूस उभा असायचा, खुर्चीबिर्ची नाही, आणि त्याचा आवाज पलीकडच्या दवाखान्यापर्यंत जायचा. 'डोळे कुठे होते? गुडघे! गुडघे वाक!' तुम्ही त्यांच्यापुढे काहीच नाही हो, तुम्ही म्हणजे बालवाडी. पंचांना तर ते असं बोलायचे की पंच पुढचा निर्णय माझ्याच विरुद्ध द्यायचे. गाडीत सगळी मॅच परत, पहिल्या चेंडूपासून. घरी जेवताना परत — मिठाची बरणी म्हणजे होम प्लेट, वाट्या म्हणजे बेस, आणि चमचा म्हणजे मी. चमचा कायम चुकीच्या जागी. ते तो बोटाने सरकवायचे, इथे, इथे हवी होतीस तू, आणि आमटी गार व्हायची. आई म्हणायची, अहो जेवू द्या तिला. सातवीत मी कॅचरचं मिट, तो जाडजूड हातमोजा, बॅगेत कोंबलं ते परत हातात घातलं नाही. 'का' म्हणून कोणी विचारलं नाही. बाबा म्हणाले, 'चिकाटीच नाही हिच्यात.' झालं, विषय संपला.

आणि आता? ठमीने झेल सोडला की — 'उन्हात दिसला नसेल गं राणी.' ऊन! माझ्या वेळी ऊन नव्हतं? माझ्या वेळी सूर्य सुट्टीवर होता? आता जेवणाच्या टेबलावर मीठ म्हणजे नुसतं मीठ असतं. ती शाळेतलं काहीतरी बडबडते आणि हे मान हलवत ऐकतात, पोळी हातात तशीच. मी एकदा मुद्दाम चमचा सरकवला. बरणीच्या शेजारी, बरोब्बर जिथे ठेवायचे तिथे. 'काय गं, मीठ हवंय का?' म्हणाले. मीठ दिलं मला! आठवतसुद्धा नाही त्यांना. आई म्हणते, अगं, नातवंडं म्हणजे दुधावरची साय. असेल. पण मग दुधाने काय करायचं? दूध उतू गेलं तरी कोणी फिरकायचं नाही, आणि साय मात्र चमच्याने अलगद! — नाही हो, हेवा कसला. दहा वर्षांच्या पोरीचा कोणी हेवा करतं का? जळफळाट करायला मी काय वेडी आहे? मला फक्त एवढंच म्हणायचंय की हे सगळं शिकायचंच होतं तर जरा लवकर शिकले असते. कोणाचं काय जात होतं?

काय? — शेवटचा निर्णय? त्यावर पंच बोलत नसतात. सेफ होता तो मुलगा. — सेफ. — तुम्ही जाळीमागून पाहिलंत, मी हाताच्या अंतरावर होते. ठमी प्लेट अडवून बसली होती — नाही, अडवून नाही, बाजूला, अगदी जिथे बसायचं तिथे, चमचा बरोब्बर जागेवर. तो पोरगा तिसऱ्या बेसवरून सुसाट सुटलेला. चेंडू आला, जरा वाकडाच आला, तिने तो ओढून घेतला, मिट खाली नेलं — पाय प्लेटला टेकायच्या आधी ते लागलं की पळणारा आउट — तो घसरत आला, धूळ उडाली. आणि त्या धुळीत मला काय ऐकू आलं, सांगू? मिट बुटाला लागल्याचा आवाज — तो आला, तो आधी आला — पण त्याच्यावर लगेच बाबांचा आवाज. 'शाब्बास गं माझी वाघीण!' मी हात उचलायच्या आधी! पंच मी, निर्णय माझा, आणि यांनी शाब्बासकी वाटूनसुद्धा टाकली! माझी वाघीण. आउट असेल तर मूठ वर न्यायची, सेफ असेल तर दोन्ही हात आडवे. माझे हात आडवे गेले. मी नेले नाहीत, गेले. — मी कबूलबिबूल काही करत नाहीय, तसं तोंड करू नका. धूळ होती. धुळीत कोणालाही —

आणि तेव्हा ओरडलात तुम्ही एकटे. आंधळी म्हणालात. मी तुम्हाला बोट दाखवून बाहेर काढलं, पण खरं सांगू का, मी तुमच्याकडे बघतच नव्हते. मी निळ्या टोपीकडे बघत होते. म्हटलं, आता उठतील. आता धरतील जाळी. वाघिणीसाठी तरी धरतील, आणि मग मी त्यांनाही काढेन, सगळ्यांसमोर, कुंपणाबाहेर, या बाकावर, आणि मग मी बोलेन आणि ते ऐकतील. उठले. उठले आणि टाळ्या वाजवल्या. घसरत आलेल्या त्या परक्या पोराला! त्या एका धावेनं तुमची टीम मागे पडली ती पडलीच, आणि हे टाळ्या वाजवतायत. ठमी जाळीपाशी रडत गेली तर तिला म्हणाले — मी ऐकलं, मला ऐकू येतं सगळं — म्हणाले, 'पंचांना जवळून दिसतं, बाळा. तुझी आत्या चुकत नाही.'

आत्या चुकत नाही. लहानपणापासून या एका वाक्यासाठी मी — आणि मिळालं ते कधी? मिळालं ते कशावर? सांगा ना! भिकाऱ्याच्या झोळीत पडावं आणि झोळीलाच भोक असावं, तसं झालं. आणि तेही मला नाही सांगितलं. तिला सांगितलं. ते वाक्यसुद्धा तिलाच.

मॅच संपल्यावर आली होती माझ्याकडे. 'आत्या — पंच — माझं मिट लागलं नव्हतं का?' मी म्हटलं, धूळ होती गं. तर म्हणते, 'मला वाटलं लागलं. म्हणजे मला कळतच नाही वाटतं.' रडून नाही, अगदी शांतपणे. आता तिकडे बघा. तुमच्या टीमच्या बाकाच्या टोकाला, ठमी, एकटी. मिट बॅगेत कोंबतेय. मिट असं नाही ठेवत हो. आत चेंडू ठेवायचा, पट्ट्याने बांधायचं, म्हणजे खळगा तसाच राहतो, पुढच्या वेळी हात आपोआप बसतो. तिला येतं ते, रोज करते. ज्याला परत घालायचं असतं तो बांधून ठेवतो. मी नव्हतं बांधलं.

तुम्ही जा आता. झाली तुमची शिक्षा. मुलीला गाडीत बसवा आणि एक शब्द बोलू नका, कोपर नाही, खांदा नाही, पंच आंधळी होती हेसुद्धा नाही. — ते मी बघते. — अगंबाई, हे इकडेच येतायत. फीत मागायला येत असणार, आता चारचौघांत टोपीबिपी काढून — काय, बाबा? फीत ना? लावते, लावते, जरा दम धरा, नियमाप्रमाणेच — काय? ऐकू नाही आलं. भूक? ठमी तिकडे आहे, तिला विचारा. — कोणाला?

मला?

थांबा. आत्ता नका काही बोलू, बाबा. ही फीत धरा, तुमच्या हाताने लावून घ्या, मला वेळ नाही. तो चेंडू द्या इकडे, तुमच्या पायाशी पडलाय तो. ठमीकडे जायचंय मला. एक मूठ वर करायची राहिलीय. — आणि तुम्ही अजून इथेच? जा म्हटलं ना. पंच 'जा' म्हणाले.