स्वतः कसणारा

मुलगी : बाबांना कमी ऐकू येतं, साहेब. तुम्ही विचारा, मी त्यांच्या वतीने सांगते.

तपासनीस : तेवढं सोडून बोला, ताई. अनुदान स्वतः कसणाऱ्याला आहे, उत्तर त्यांच्याच तोंडून हवं. म्हणून तर घरोघर हिंडतोय. काका, खालच्या तुकड्यात काय आहे?

वडील : गहू.

तपासनीस : विहिरीपाशी?

वडील : वाटाणा.

तपासनीस : आणि वरचा तुकडा?

वडील : पडीक. दोन वर्षं पडीक ठेवायचा, असा अनुदानाचा नियम आहे.

तपासनीस : नियमही पाठ आहे की.

मुलगी : असणारच. जन्म गेलाय त्यांचा मातीत.

तपासनीस : हात बघू, काका. हे तर नवरदेवासारखे मऊ आहेत.

मुलगी : सकाळीच तेल लावलंय.

तपासनीस : बावीस वर्षं हात बघतोय मी, ताई.

मुलगी : मग बावीस वर्षांत कधी डोळेझाक केली नाहीत?

तपासनीस : केली की. आजही करीन. एकच प्रश्न उरलाय, त्याला 'हो' म्हणाले की सही घेऊन निघालो. काका, ही जमीन तुम्ही स्वतः कसता?

वडील : नाही.

मुलगी : बाबा.

वडील : नाही म्हणजे नाही. सकाळपासून पोपटासारखं पढवलंय हिने. गहू, वाटाणा, पडीक. पाच वर्षं मी बांधावर गेलेलो नाही. नांगरते ही, पाणी देते ही. या वयात खोटं किती बोलायचं?

मुलगी : पाच वर्षांत एकदा तरी मला म्हणायचंत हे. आजचाच मुहूर्त सापडला?

तपासनीस : आता मला लिहावं लागेल. यांचं अनुदान थांबणार.

मुलगी : यांची औषधं त्यातूनच येतात, साहेब. बियाणंही.

तपासनीस : ऐका तर. कसता तुम्ही, तर अर्ज तुमच्या नावाने करू. मालक म्हणून काकांनी संमतीची सही द्यायची, बस. अर्ज आहे माझ्याकडे.

मुलगी : द्या. बाबा, हा घ्या चष्मा. इथे खाली सही करा.

(वडील पेन हातात घेत नाहीत.)

वडील : माझी सही चालायची नाही.

तपासनीस : का? आमच्याकडे मालक म्हणून तुमचंच नाव आहे.

वडील : तुमच्याकडे असेल. जमीन थोरल्याला लिहून दिली मी. तो आला होता तेव्हा.

मुलगी : दादा तीन वर्षांत इकडे फिरकलेला नाही.

वडील : तेव्हाच. तू रानात होतीस. आम्ही गाडीने जाऊन आलो.

मुलगी : दात काढायला गेला होतात तुम्ही.

वडील : दातही काढला.

मुलगी : चार दिवस सगळं मऊ कालवून भरवलं मी तुम्हाला. तेव्हाही तोंड उघडलं नाहीत.

वडील : वाटलं, तू काय, आज ना उद्या लग्न करून जाशील.

मुलगी : पंचेचाळीस संपली मला, बाबा. जाणार कुठे? आणि तुम्हाला उठवून मोरीपर्यंत नेणार कोण, दादा?

तपासनीस : ताई, भावाची संमतीही चालेल. महिनाअखेरपर्यंत अर्ज माझ्याकडे ठेवतो. एक फोन करून बघा.

वडील : तो देणार नाही. विकायला काढलीय त्याने. पीक निघालं की व्यवहार करायचा म्हणाला.

मुलगी : पीक निघालं की.

वडील : हो.

मुलगी : म्हणून परवा फोनवर विचारत होता, गहू कधी कापणार. मला बरं वाटलं होतं, चौकशी केली म्हणून.

तपासनीस : कसणारा कोण, हा रकाना मला भरावाच लागतो. काय लिहू?

वडील : हिचं नाव लिहा.

तपासनीस : त्याने आता काही मिळायचं नाही, काका.

वडील : तरी लिहा.

मुलगी : लिहा साहेब, पण जरा लवकर. वाटाण्याला पाणी सोडून आलेय, वाफा फुटेल.