एक्केचाळीस अंगठे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आपले शाखाधिकारी साहेब, वहिनीसाहेब, कर्मचारी बंधुभगिनींनो आणि वीटभट्टीवरून कामं टाकून आलेल्या माझ्या मावश्यांनो,

विभागीय कार्यालयातर्फे दोन शब्द बोलायची संधी मला मिळाली. खरं तर मिळाली नाही, मी ती मागून घेतली.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शिस्तीचं कौतुक केलं. ते खोटं कसं म्हणू? त्या शिस्तीच्या गोष्टी ऐकतच मी वाढले. माझे वडील याच शाखेत शिपाई होते. नव्यांना हे ठाऊक नसेल. जुन्यांना आहे, म्हणून तर त्यांच्या माना खाली गेल्यात.

ग्रामीण बँक असते कशासाठी हो? ज्याच्यामागे उभं राहायला कुणी नाही, त्याच्यामागे उभं राहायला. भट्टीवरच्या बायकांना हे बाबांनीच पटवलं होतं. "बँक आपली आहे, घाबरता काय?" म्हणायचे. म्हणूनच साहेबांनी कोरे फॉर्म देऊन बाबांनाच तिथे धाडलं. "खाती उघडायचीत. अंगठे घेऊन या, बाकीचं मी भरतो."

बाबांच्या शब्दावर एक्केचाळीस बायकांनी अंगठे दिले. त्या अंगठ्यांवर खाती नाही, कर्जं निघाली. त्यातून तेव्हाच्या अध्यक्षांच्या मेहुण्याचे ट्रक आले आणि वसुलीच्या नोटिसा भट्टीवर गेल्या. बोभाटा झाला, तेव्हा साहेबांनी तीनच शब्द लिहून दिले: "शिपायाने परस्पर केले." बाबा बडतर्फ झाले. साहेबांच्या खुर्चीला धक्काही लागला नाही.

पुढची एकोणीस वर्षं बाबा बाजाराला जाताना भट्टीचा रस्ता टाळून लांबून जायचे. तरी एकदा या पुढच्या रांगेतल्या मावशींनी त्यांना भर रस्त्यात गाठलंच. "माझा अंगठा कितीला विकलास रे?" बाबा घरी आले, ते दोन दिवस जेवले नाहीत. मावशी, रडू नका. तुमच्यावर माझा राग नाही. तो मी एकाच माणसासाठी जपून ठेवला. त्याच्या जोरावर शिकले, परीक्षा दिल्या, याच बँकेत लागले.

गेल्या वर्षी बँकेत सुधारणा आल्या. कर्जाचा कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय आता सही घेता येत नाही, अंगठाही नाही. जुन्या फायली उघडायचा हुकूम निघाला. त्यात फॉर्मच्या गठ्ठ्याला टाचलेली एक चिठ्ठी निघाली. अक्षर साहेबांचं. "उद्या दुपारपर्यंत सगळे अंगठे हवेत. रकमेची जागा कोरी ठेवणे." ती काढून टाकायची राहून गेली. इतक्या शिस्तीच्या माणसाकडून!

प्राथमिक चौकशी मी केली नाही. शिपायाच्या मुलीला ती करता आलीही नसती. दुसऱ्यांनी केली; मी फक्त पत्र पोचवायचं काम मागून घेतलं.

काल बाबा म्हणाले, "जाऊ दे ग. म्हातारा झालाय तो आता." मी म्हटलं, "तुम्हीही झालात, बाबा. आणि तुम्ही चाळिशीतच झालात." ते आज आले नाहीत. ते नको म्हणत असताना मी हे करते आहे, हे कबूल करते.

साहेब, पाच वाजेपर्यंत तुम्ही सेवेत आहात. आत्ता साडेचार झालेत. हे आरोपपत्र. तो पुष्पगुच्छ जरा खाली ठेवा, म्हणजे घेता येईल. आता रीतसर चौकशी होईल; तिचा निकाल लागेपर्यंत तुमची निवृत्तीची रक्कम थांबेल. मावश्यांच्या नोटिसा मात्र आजच मागे घेतल्या आहेत. ती पत्रं मी प्रत्येकीला वाचून दाखवणार आहे.

वहिनी, तुमच्याकडे मला बघवत नाही. पण बाबांच्या बडतर्फीचा हुकूम आला, त्या दिवशी माझी आईही अशीच बसली होती. ते आठवतं, म्हणून थांबत नाही.

संयोजकांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, त्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर लेकीचं समजून पोटात घाला. पत्रात मात्र कमीजास्त काही नाही. ते मी तीनदा वाचून आणलंय.