उघड्या घागरी

कंधारच्या गॅरेजच्या बाकावर पंचशीला स्कूटीसाठी थांबली होती. शेजारी सिंधुबाई प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचे यजमान शेषेराव आपल्या जुन्या छोट्या गाडीपाशी उभे होते.

"मिस्तरी, ब्रेकला बूस्टर बसवा."

"काका, ब्रेक चांगले हायत. तपासले मी."

"मग गाडी भिंतीवर गेली कशी?" शेषेराव म्हणाले.

"ह्यायनी जोरात दाबलाच न्हाई," सिंधुबाई पंचशीलाला म्हणाल्या. "मागं भरलेल्या घागरी व्हत्या. दुष्काळ लागल्यापासून पाय हळूच पडतोय."

"लई लांबून आणलेलं पाणी गं," शेषेराव बायकोला म्हणाले.

"हाव. सगळं माझ्याच अंगावर सांडलं."

"काका, बूस्टर बसवला तर हळू दाबूनबी गाडी गपकन थांबंल. पाणी सांडंल."

"सांडू द्या. बसवा."