ह्यांनी टाकलेला मासा

—नाही नाही, ते जाळं आधी खाली ठेवा, कुवाबारासान. खाली! आणि तिथून बाजूला व्हा, बुटांखाली माझी आयरिसं चेंगरतायत. फुलं नसली की झाडच नसतं, असं वाटतं का तुम्हा तोक्योच्या व्यापाऱ्यांना? पुढच्या खोलीत ह्यांच्याशी गप्पा मारत बसायचं सोडून मागच्या तळ्यावर आलातच कशाला? — हात धुवायला? हात धुवायला माणूस जाळं घेऊन येतो?

तळं घाण आहे म्हणे! असू दे. कमळं आहेत, लव्हाळं आहे, शेवाळ आहे. ‘मासे नीट दिसत नाहीत’ — अहो, दाखवायला ठेवलेत कुणी? तुमच्या गिऱ्हाइकांची तळी बघितलीत मी फोटोत. सिमेंटचा हौद, ना पान ना चिखल, इस्पितळासारखं स्वच्छ पाणी आणि त्यात ते बिचारे दिवसभर गोल गोल फिरतायत. मालक काठावर पेला घेऊन उभा, पाहुण्यांना किंमत सांगतोय. त्याला कुठला आलाय माशाचा लळा! इथं हे चिखल हुंगतात, माझी कमळाची मुळं उकरतात, मी शिव्या घालते, पुन्हा लावते. चाललंय आमचं.

काय? — कुठला तो? कमळाखालचा? दिसला वाटतं. दिसणारच, मेला वासराएवढा झालाय. हो, पांढऱ्यावर तांबडा. हो हो, मानेपासून शेपटीपर्यंत, नाकावरचा तेवढा ठिपका सोडला तर कुठं डाग नाही — मला नका शिकवू, तुम्ही पहिल्यांदा या डोंगरात आलात तेव्हा नर कुठला नि मादी कुठली ते मी दाखवलं होतं तुम्हाला. विकायचा नाही. प्रदर्शनात तर मुळीच न्यायचा नाही. टाकाऊ आहे तो. ह्यांनी स्वतः टाकलेला.

हो, ह्यांनीच! ज्यांच्या नजरेचा सगळ्या खोऱ्यात डंका, त्या तोकुजिरोंनी. उन्हाळ्यात रंग बघून पिल्लांची निवड असते तेव्हा आम्ही समोरासमोर बसतो, मधे पांढरं घमेलं — ठेवायचं ते ह्यांच्या टोपल्यात, टाकायचं ते माझ्या बादलीत. नवरा राजा आणि बायको बादली, जन्मभर हेच. तर एका उन्हाळ्यात बघते, बादलीत असलं पिल्लू! म्हटलं हात चुकला असेल. मग आणखी एक. आणखी एक. आणि टोपल्यात सगळा कचरा. तांबडं नि नारिंगी वेगळं दिसेनाच ह्यांना. रंगापुरते डोळे गेले होते, कुवाबारासान.

सांगितलं का नाही? तुम्ही सांगा ना जाऊन, बसलेत आत! या माणसानं जन्मात एकच काम केलं — मासे बघितले. पोरगी तापानं फणफणली होती, हे तळ्यावर. भूकंपात छप्पर कोसळलं, हे आधी तळ्यावर. माझ्याकडे तर — जाऊ दे. घमेंडखोर आहे. पण ती घमेंड काढून घेतली की खाली काय उरतं ते तुम्हाला नाही माहीत, मला रोज त्याच्याजवळ झोपायचंय. म्हणून मी बादलीतली चांगली पिल्लं गुपचूप ह्यांच्या तळ्यात सोडायची. शरदात जाळं ओढलं की हे म्हणायचे, ‘बघ, नजर असावी तर अशी!’ मी म्हणायची, हो ना. तुम्ही ह्यांचीच नजर म्हणून जे मासे विकलेत ना एवढ्यात — काही नाही. काही नाही म्हटलं ना! ऐकलं असेल तर विसरा.

मग चांगल्यांतला हा एकच इथं का? कारण हा ह्यांनी शेजारच्या सगळ्या तळेवाल्यांच्या पोरांसमोर घमेल्यात धरून दाखवला होता, ‘पोरांनो, असला नारिंगी रंग दिसला की फेकून द्यायचा.’ त्या मुलांनी माना डोलवल्या. नाकावरचा हा तांबडा ठिपका त्यातला एकही विसरलेला नाही. उद्या तुम्ही हा पहिल्या नंबराला उभा केलात तर त्यांना कळायला किती वेळ लागेल? म्हणून हे गढूळ पाणी. म्हणून ही कमळं. समजलं का तुमच्या टाळक्यात?

गप्प. ह्यांची काठी वाजतेय. येतायत. आता विचारतील, तेव्हा टाकाऊ म्हणायचं. तोंड काय वाकडं करता, धंद्यात रोज खोटं बोलता, एकदा फुकट बोला! — अहो, हळू, पायरी आहे! हात द्या इकडे. कुवाबारासान तुमचा तो टाकलेला मासा बघतायत. — सांगा ना, कुवाबारासान. सांगा. — मोठ्यानं! — ऐकलंत? टाकाऊच म्हणतायत.

रंग? नारिंगी हो. अगदी नारिंगी झालाय. तुम्ही म्हणाला होतात तस्साच.

—आणि तुम्ही अजून इथंच, कुवाबारासान? निघा.