मॅडमचा फ्लेक्स

...आन् पत्रात काय लिवलंय? "गंभीर गैरवर्तन"! गैरवर्तन? मी काय चोरी केली? फ्लेक्स लावला वो, वाढदिवसाचा! आपल्या इंदापुरात बैलाच्या वाढदिवसाला लावत्यात, बैल पत्र धाडतोय का?

तुमाला सांगतो, दोन वर्षं व्हिएतनामच्या इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवलं. तुमाला वाटत आसंल मजा हाय. कसली मजा? सहावीतलं पोरगं माज्या टेबलावर बूड टेकवून म्हणतंय, "सुमित, आय ॲम बोअर्ड." सुमित! हितं आमच्या गावात, कळसमदी, माजा बाप मला "सर" म्हणतोय! आप्पाला फोन केला, तर म्हणं, "चालायचंच सर, इंटरनॅशनल हाय ते." डब्यातल्या ठेच्याच्या वासानं स्टाफरूम रिकामी झाली, मला जिन्याखाली जेवायला बसवलं... "इंटरनॅशनल हाय ते!"

सगळं सोसलं. कशापायी? कॉन्ट्रॅक्ट! ते वाढवायची सही प्रिन्सिपॉलची, मार्गारेट मॅडमची. सही न्हाय झाली तर परत कळस. आन् परत कळस म्हंजी मेघना गेली! साखरपुडा झालाय, पण तिच्या वडलांनी, विजयसिंहरावांनी, पोरगी मला कुठं दिलीय? व्हिएतनामला दिलीय!

मग डोकं चालवलं. जानेवारीत मॅडमचा वाढदिवस. आपल्याकडं सायबाला खूश कसं करत्यात? दिवाळीला रजेवर आलो तवा इंदापूरच्या विशालकडनं धा बाय पंधराचा फ्लेक्स छापून घेतला. विशाल म्हणला, "सर, पुढाऱ्याचं डिझाईन तयार हाय, नुसतं मुंडकं बदलतो." वर मराठीत 'कार्यसम्राट', मदी मॅडम हात जोडून... त्या हातात सोन्याचं कडं, हात कुणाचं मला आजून म्हाईत न्हाय... भवतीनं झेंडू, खाली जन्मतारीख, एक आडवी रेघ आन् यंदाच्या वाढदिवसाची तारीख. तळाला शुभेच्छुक मी. गॉगल लावून.

सकाळी गेटवर टांगला. मॅडम दुपारी येणार व्हत्या. आता तितं माणूस गेल्यावर आसा मोठा फोटो फुलांत ठिवत्यात, हे मला कुणी सांगावं? मराठी कुणाला वाचता येतंय? वाचता आल्या त्या दोन तारखा!

आठ वाजता एका पोराची आई रडत आली. नऊला मेणबत्त्या. धाला शोकसभा! पीटीचा मास्तर म्हणतोय, "मॅडम लई कडक व्हत्या, पण त्यांच्या केबिनला उजेड चांगला हाय..." आन् मी? एवढी माणसं रडत्यात म्हणल्यावर मला बी वाटलं, गेल्या! फ्लेक्स माजा, पण सगळ्यात जास्त मीच रडलो! रडतच आप्पाला फोन केला, "आप्पा, मॅडम गेल्या वो!" आप्पा म्हणला, "वाईट झालं. मग खुर्चीत आता कोण?"

बारा वाजता मॅडम आल्या. हातात केक.

सगळ्यांनी नुसतं फ्लेक्सवरच्या माज्या गॉगलकडं बोट केलं. मॅडमनी फ्लेक्स वरनं खालपत्तुर बघितला आन् शांतपणानं इचारलं, "सुमित, हे हात कुणाचे?"

संध्याकाळी काढून टाकल्याचं पत्र हातात. तिसऱ्या दिशी मी इंदापूरच्या यष्टीत. म्हणलं, घरी आप्पाला सांगायचं, मग विजयसिंहरावांचं पाय धरायचं. कळसच्या फाट्यावर उतरलो आन् बॅग हातातनं पडली. धा बाय पंधराचा! "आमचे जावई सुमित सर यांची व्हिएतनाम येथे प्राचार्यपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" शुभेच्छुक विजयसिंहराव आन् चाळीस पावणं. आप्पानं मला कवाच खुर्चीत बसवला व्हता! मदी मी, हात जोडून. झेंडू त्योच. कडं बी तेच.

आता सांगा, काय करावं माणसानं? टपरीवरनं उदबत्ती आणली आन् माज्याच फोटोम्होरं लावली.

तात्याबा टपरीच्या बाकड्यावरनं वरडला, "आवं सर, जित्या माणसाला उदबत्ती व्हय?"

म्हणलं, "चालायचंच तात्याबा. इंटरनॅशनल हाय ते."