फोमनं गिळलेला इळा

अरे, आमच्या मेडशीच्या टिनाच्या घराची गंमत तुमाले सांगितलीच नाही! उन्हाळ्यात दुपारी आत निस्ती भट्टी, म्हणून मी टिनाले खालून गर्मी अडवणारा फोम फवारून घेतला. बाबाचं यावरूनच बिनसलं. "फवारणी सोयाबीनवर करतेत, घरावर कायले?" म्हणत त्यायनं लिंबाखाली खाट टाकली आन् घरात येणंच सोडलं.

कारागीर म्हणे, छताले खोचलेलं सारं काढा. मी सारं काढलं, एक तेवढं नजरेतून सुटलं. फोम मारला तवा पातळ होता, पाहता पाहता फुगला आन् साऱ्या फटी बुजल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबा ओरडत आत आले, "माहा इळा कुठी हाय?" टिनाखाली गवत कापाचा इळा खोचून ठेवायची त्यायची जुनी सवय. तो आता फोमच्या पोटात!

"थांबा, कापून काढतो," म्हणून मी चाकू आणाले गेलो. येऊन पाहतो तं बाबा फरशीवर आडवे, घोरून राह्यले. मी हळूच स्टुलावर चढून फोमले चाकू लावला. तं बाबा डोये न उघडताच म्हणे, "राहू दे रे. इळा बाजारात भेटते. भोक पाडशीन तं झळ येईन."