आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं

माझं नाव मंगल, गाव परांड्याच्या अलीकडं, पण आता गाव म्हणजे पुण्याकडचं हे थेरगावच म्हणायचं, डांगे चौकाच्या मागं भाड्याच्या दोन खोल्या आहेत आमच्या. काकू, तुम्ही विचारलंत, माझ्याकडं पोळ्या लाटायला येतेस तर लाटता लाटता मध्येच डोकं का धरतेस, आणि सांगितलंस तर लांब राहणाऱ्या नातवंडांना लिहून पाठवीन म्हणालात, तर लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गावाकडं आवाज म्हणजे शेळ्या ओरडायच्या, गिरणी पुकपुक करायची, एवढंच. लग्न झालं आणि आमचे हे मला इकडं घेऊन आले, हे कंपनीच्या मालाचा टेम्पो चालवतात, त्यांच्याच ओळखीनं मी चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर लागले.

प्रेस म्हणजे काय सांगू तुम्हाला, पत्रा ठेवायचा, पायानं दाबायचं, वरून घाव बसतो आणि गाडीचा एक लहानसा तुकडा तयार होतो, मग पुन्हा पत्रा, पुन्हा घाव, आणि अशा कितीतरी मशिनी एका शेडमध्ये. तिथं तोंडानं बोलून उपयोगच नाही, म्हणून आम्हा बायकांच्या खुणा होत्या, अंगठा तोंडाकडं नेला की चहा, तळहात आडवा केला की थांब, नाकावर बोट ठेवलं की सुपरवायझर आला. कानात घालायचे प्लग होते, नाही असं नाही, पण आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी वाटायचे आणि साहेब गेले की गोळा करून कपाटात. आम्ही पण मागितले नाहीत. प्लग घातले की पत्रा नीट बसला का नाही ते आवाजावरून कळत नाही, आणि बोटं जायची भीती. कान गेले तर कुणाला दिसतात, बोटं दिसतात.

ईश्वरी, माझी मुलगी, चालायला लागली त्या सुमारास माझ्या कानात आवाज सुरू झाला. बारीक, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते ना तसा, फक्त ती शिट्टी कधी होतच नाही. हे म्हणाले, रातकिडा शिरलाय तुझ्या डोक्यात, भाडं घेत जा त्याच्याकडून. मी पण हसले. पण शेडमध्ये गेलं की प्रेसच्या धडाक्यात तो आवाज बुडून जायचा, आणि मला वाटायचं, कामावर बरं वाटतंय म्हणजे दुखणं घरातच आहे. म्हणून मी ओव्हरटाइम मागून घ्यायला लागले. सुपरवायझर म्हणायचे, मंगल, तुला घरदार नाही का गं. औषध म्हणून प्रेसवर बसत होते मी, आणि बाहेर पडलं की आवाज आधीपेक्षा जोरात.

डॉक्टर केले, नाही असं नाही. एकानं मळ काढला, एकानं नसांच्या गोळ्या दिल्या आणि वयानं होतं म्हणाला, माझी तिशी पण झाली नव्हती तेव्हा. आळंदीच्या एका वैद्यांकडून तेल आणलं. शेजारच्या शबानाभाभींनी मोबाईलमध्ये बघून मानेवर टिचक्या मारायला सांगितलं, आम्ही दोघी जिन्यात बसून टिचक्या मारायचो आणि त्यांनाच हसू यायचं. मला हसू पण यायचं नाही आणि रडू पण नाही. बरं होईल असं वाटायचं तेच बंद झालं.

मग बाहेरचे आवाज टोचायला लागले. स्टीलचं ताट पडलं की कानातून दातापर्यंत कळ जायची. काम सोडलं, आणि सोडताना कपाटातल्या प्लगची एक जोडी मागून घेतली. घरात दिवसभर ते घालायचे, वरून स्कार्फ, गाडीवर बायका बांधतात तसा, कुणाला कळायचं पण नाही. ताटं प्लास्टिकची आणली, भात पातेल्यात शिजवायला लागले, बेलची वायर ह्यांनी काढून टाकली. जेवढं शांत करावं तेवढा कान अजून नाजूक. आणि ईश्वरी बोलायला लागली ती कुजबुजतच. मीच तिला शिकवलं, ओठांवर बोट ठेवायला आणि शेडमधल्या सगळ्या खुणा. लोक म्हणायचे, किती गुणी मुलगी, आवाज नाही तिचा, आणि मला ते बरं वाटायचं.

बालवाडीत घातली, तर बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी बोलत नाही हो, पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाला लावते, कुणी ढकललं तर नुसता तळहात आडवा करते, रडते ते पण आवाज न करता, हिचे कान तपासून घ्या, हिला वेगळी शाळा लागेल. मी बरं म्हणलं आणि भाजी घेऊन घरी आले.

दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. एक मणी चुकवला नाही तिनं. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, म्हणाल्या, हिचे कान तर मांजरीचे आहेत, मग बोलत का नाही. मी म्हणलं, काय म्हणालात? तर ईश्वरीनं माझ्याकडं बोट केलं आणि स्वतःचे दोन्ही कान झाकून दाखवले. मॅडमनी माझा स्कार्फ सोडायला लावला, कानातले प्लग बघितले आणि ते कुठून आणले ते सगळं विचारून घेतलं.

म्हणाल्या, ताई, जिथं घालायचे तिथं घातले नाहीत, आणि घरात घालून बसलात. हा आवाज जाईल असं मी सांगणार नाही, पण बाहेरच्या आवाजाची सवय परत लावता येते, आधी थोडा थोडा वेळ प्लग काढा, पंखा चालू ठेवा, रेडिओ बारीक लावा, आणि मुलीला बोलू द्या. मी विचारलं, तिच्या बोलण्याचा त्रास झाला तर? म्हणाल्या, होईल.

प्लग काढले, पण आता ईश्वरीच बोलेना. मोठ्यानं बोल म्हणलं की कानाशी येऊन सांगायची, तुझं डोकं दुखेल. शेवटी ह्यांनी तिला टेम्पोत घालून मारुंजीकडच्या मोकळ्या माळावर नेलं आणि आधी स्वतःच ओरडून दाखवलं, तर एक माणूस धावत आला, काय भाऊ, गाडी बंद पडली का. त्या दिवशी ती हसली म्हणे मोठ्यानं.

कानातला आवाज आहे, आत्ता तुमच्याशी बोलताना पण आहे. गेल्या आठवड्यात खाली पोरांचं झोक्यावरून भांडण झालं आणि ईश्वरी अशी किंचाळली की माझ्या कानात सुई गेली, मी जिन्याचा कठडा धरला. शबानाभाभी म्हणाल्या, अगं मंगल, आवर तिला. म्हणलं, राहू द्या भाभी. आनंद झाला का, तर तसं नाही सांगता येत काकू, मला आजकाल कशाचं काही वाटत नाही. पण मी आत जाऊन दार लावलं नाही. ती वर येईपर्यंत तिथंच उभी राहिले, आणि आल्यावर तिला म्हणलं, कोण काय म्हणालं ते पहिल्यापासून सांग, आणि मोठ्यानं सांग.